पंचाहत्तर वॅटांची जहागीर

बनशंकरी हे नाव महाराष्ट्रातील पुष्कळ घराण्यांना भूगोलातून नव्हे, तर कुलाचारातून परिचित आहे. बदामीजवळ चोळचगुड्ड येथे तिचे जे मंदिर आज उभे आहे, ते १७५० साली परशुराम आगळे नामक मराठा सरदाराने बांधले, आणि पौषातील नवरात्रात तिचे कुलोपासक सोलापूर-सांगलीकडून आजही तिकडे जातात. बंगळूरच्या दक्षिणेस, कनकपुरा रस्त्यालगत, त्याच देवीचे दुसरे मंदिर १९१५ मध्ये झाले. राहुकालात लिंबाच्या सालीत दिवे लावण्याच्या तेथील प्रघातामुळे त्याची ख्याती वाढत गेली, पुढे नगर त्या मंदिरापर्यंत आणि मग त्याच्याही पलीकडे पसरले, आणि विकास प्राधिकरणाने भूखंड पाडून ज्या वसाहती टप्प्याटप्प्याने वसवल्या त्यांना देवीचेच नाव मिळाले. त्यांपैकी दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे तेथील बोलण्यातल्या ‘सेकंड स्टेज’मध्ये, बेळगाव-विजापूरकडून नोकरीच्या निमित्ताने येऊन स्थिरावलेली जी मराठी कुटुंबे आहेत, त्यांच्यापैकी एका घरातील जुन्या संगणकाचा आणि त्याला जोडावयाच्या नव्या ग्राफिक्स कार्डाचा हा मामला आहे.

संगणकाच्या बाबतीत या नगराइतके भाग्यवान नगर भारतात दुसरे नसेल. मात्र त्या भाग्याचा वाटा घरोघर पोहोचला आहे असे कोणी समजू नये. पडद्यावरील चित्र रेखाटणारी चिप ज्या तीन कंपन्या प्रामुख्याने तयार करतात, त्या एनव्हिडिया, एएमडी आणि इंटेल या तिन्हींचे अभियंते बंगळुरात बसून आराखडे करतात. एएमडीने तर नोव्हेंबर २०२३ मध्ये आपले जगातील सर्वांत मोठे संरचना-केंद्र येथेच उघडले; पाच लाख चौरस फुटांच्या त्या वास्तूत सुमारे तीन हजार अभियंत्यांची सोय आहे. असे असूनही प्रत्यक्ष चिप घडते ती तैवानात किंवा कोरियात, आणि ती ज्या कार्डावर बसते ते कार्ड आयात होऊन, त्यावर अठरा टक्के जीएसटी चढून, ज्या गावी त्याचा विचार झाला त्याच गावच्या पेठेत परक्यासारखे विक्रीला येते. बनशंकरीतील विद्यार्थ्याला ते सोलापूरच्या विद्यार्थ्यापेक्षा एका पैनेही स्वस्त पडत नाही.

आमच्या या स्नेह्यांच्या घरचा संगणक २०१४ सालचा. अभियांत्रिकीला असलेल्या मुलासाठी तो तेव्हा जुळवून घेतला होता; तो मुलगा आता परदेशी असतो, आणि संगणक वारसाहक्काने त्याच्या पुतण्याकडे, म्हणजे घरातील नातवाकडे आला आहे. नातू अकरावीत आहे. त्याला हवे ते एवढेच, की मित्र जे खेळ खेळतात ते आपल्याही पडद्यावर अडखळल्यावाचून चालावेत. आजोबा हिशेब तपासणीच्या खात्यातून निवृत्त झालेले असल्यामुळे त्यांनी विनंती फेटाळली नाही आणि मान्यही केली नाही. आधी यंत्राची कैफियत लिहून आण, मग मंजुरीचे पाहू, असे फर्मावले. नातवाला हा विलंबाचा डाव वाटला. “आजोबा, कार्ड घ्यायचं आहे, कॉम्प्युटरची पंचनाम्यासारखी नोंद कशाला?” असे तो म्हणाला खरा, परंतु ज्या क्रमाने हा मामला पुढे उलगडला तो पाहता आजोबांनी सहजप्रेरणेने विचारलेला प्रश्नच या विषयातील पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न होता, असे माझे मत आहे. बाजारात जाणारा बहुतेक ग्राहक ‘इतक्या रुपयांत उत्तम कार्ड कोणते’ असे विचारतो. त्याने विचारावयाचे असते ते ‘माझे यंत्र किती सोसेल’ हे. जुन्या वाड्यावर मजला चढवणारा गवंडी आधी जोत्याजवळ खणून पाहतो, त्यातलाच हा प्रकार.

कैफियत अशी निघाली. प्रोसेसर इंटेलचा आय-फाइव्ह ४४६०, चौथ्या पिढीचा, चार गाभ्यांचा. मदरबोर्ड एच-८१ जातीचा, म्हणजे त्या पिढीतील सर्वांत काटकसरीचा. रॅम आठ जीबी, डीडीआर-३. एसएमपीएस, म्हणजे संगणकाच्या भागांना वीज पुरवणारी पेटी, अनोळखी नावाचा, त्यावर ठळक अक्षरांत ‘४५० वॅट’. मॉनिटर १९२० गुणिले १०८० बिंदूंचा, साठ हर्ट्झचा. भिंतीशी ६०० व्हीए क्षमतेचा यूपीएस. आणि कार्ड जीटीएक्स ७५० टीआय, दोन जीबीचे. हे शेवटचे कार्ड फेब्रुवारी २०१४ मध्ये बाजारात आले तेव्हा केवळ साठ वॅटांत ते जे काम करी त्याचे सर्वत्र कौतुक झाले होते, आणि माझ्या मते ते कौतुक यथार्थ होते.

ज्या वाचकांचा या विषयाशी संबंध नातवंडांपुरताच आहे, त्यांच्यासाठी कार्डाचे काम थोडक्यात सांगतो. वरील मॉनिटरवर एकूण २०,७३,६०० बिंदू असतात. खेळातील हालचाल डोळ्यांना अखंड भासावी म्हणून ते सगळे बिंदू सेकंदाला साठ वेळा नव्याने रंगवावे लागतात. म्हणजे सेकंदाला बारा कोटी चव्वेचाळीस लाखांवर बिंदूंचा रंग ठरवणे आले, आणि एका चित्राच्या वाट्याला जेमतेम १६.७ मिलिसेकंद आले. प्रत्येक बिंदूमागे प्रकाश, सावली, पोत आणि अंतर यांचे गणित असते. हे गणित स्वभावतः एकसारखे आणि एकमेकांवर फारसे अवलंबून नसलेले असल्याने चार-आठ बलाढ्य गाभ्यांपेक्षा शेकडो किरकोळ गाभे ते अधिक वेगाने उरकतात, आणि असे शेकडो गाभे एका चिपेत कोंबणे म्हणजेच जीपीयू. ही संज्ञा एनव्हिडियाने १९९९ साली आपल्या जीफोर्स २५६ या कार्डाच्या वेळी रूढ केली. कार्डावरील स्मृती, म्हणजे व्हीरॅम, ही या कारखान्याची जवळची कोठी. कोठी भरली की माल दूरच्या गोदामातून, म्हणजे संगणकाच्या साध्या रॅममधून, स्लॉटच्या वाटेने आणावा लागतो, आणि खेळ अडखळतो तो बहुधा तेथे.

आता ‘४५० वॅट’ या ठळक अक्षरांकडे वळू. एसएमपीएसच्या कुशीवर एक बारीक तक्ता छापलेला असतो, आणि बाजारात जाण्यापूर्वी वाचावयाचा एकमेव दस्तऐवज कोणता असेल तर तो हाच होय. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड ही दोन्ही आपली वीज बहुतांशी १२ व्होल्टच्या वाहिनीतून घेतात. ठळक आकडा मात्र सर्व वाहिन्यांची, कधी कधी तर निव्वळ महत्त्वाकांक्षेची, बेरीज असते. आजोबांनी भिंग घेऊन तक्ता वाचला. १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर असा आकडा होता. बारा गुणिले सोळा म्हणजे एकशे ब्याण्णव. साडेचारशे वॅटांच्या सनदेमागे प्रत्यक्ष वसूल एकशे ब्याण्णव वॅटांचा! खात्यात आयुष्य काढलेल्या त्या गृहस्थाला या शोधाने जो सात्त्विक आनंद झाला तो शब्दांत सांगणे कठीण आहे.

या एका आकड्याने अर्धी निवड आपोआप झाली. प्रोसेसरची कमाल मागणी ८४ वॅट. नातवाने मनाशी धरलेले कार्ड होते आरएक्स ६६००. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेले, आठ जीबीचे, आणि आज वीस हजारांच्या आसपास नवे मिळणाऱ्या कार्डांत, माझ्या समजुतीप्रमाणे, सर्वांत सरस. त्याची मागणी १३२ वॅट. दोहोंची बेरीज २१६. पंखे आणि डिस्क अद्याप हिशेबात धरलेच नाहीत. चांगला, ‘८० प्लस’ प्रमाणित एसएमपीएस घेतला तर ही अडचण दूर होते, पण मग तीनएक हजारांची भर पडते आणि एकूण रक्कम आजोबांनी मंजूर केलेल्या अठरा हजारांच्या हद्दीच्या आणखीच बाहेर जाते. हलक्या एसएमपीएसवर जड कार्ड चढवून ‘चालतंय की’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. एखाद्या रात्री खेळ ऐन रंगात असताना संगणक एकाएकी बंद पडू लागला, की दोष कार्डाला दिला जातो. तो बहुतेक वेळा त्याचा नसतो. हलका एसएमपीएस मरताना शेजाऱ्यालाही सोबत नेऊ शकतो, हे लक्षात ठेवणे इष्ट.

आणि येथेच ती पंचाहत्तर वॅटांची जहागीर विचारात येते. मदरबोर्डावरील ज्या स्लॉटमध्ये कार्ड बसते, तो स्लॉट कार्डाला स्वतःच पंचाहत्तर वॅटांपर्यंत वीज देतो, असा पीसीआय एक्सप्रेसचा नियम आहे. त्याहून अधिक हवी असल्यास एसएमपीएसमधून वेगळी तार आणावी लागते. सहा पिनांची तार आणखी पंचाहत्तर देते, आठ पिनांची दीडशे. जे कार्ड स्लॉटच्या पंचाहत्तरांत संसार करते त्याला कोणाकडेही हात पसरावा लागत नाही. म्हणूनच जुन्या संगणकांच्या दुनियेत अशा कार्डांचा एक स्वतंत्र वंश चालत आला आहे: २०१४ चे ७५० टीआय, ऑक्टोबर २०१६ चे जीटीएक्स १०५० टीआय, एप्रिल २०१९ चे जीटीएक्स १६५०, आणि फेब्रुवारी २०२४ चे सहा जीबीवाले आरटीएक्स ३०५०, ज्याची मागणी सत्तर वॅटांची आहे. ८४ आणि ७० मिळून १५४. एकशे ब्याण्णवांतून अडतीस शिल्लक. आजोबांनी येथे पेन्सिलीने खूण केली.

या वंशाकडे निर्मात्यांनी अलीकडे पाठ फिरवली आहे, ही माझी तक्रार आहे. २०१६ मध्ये १०५० टीआयची अमेरिकेतील जाहीर किंमत १३९ डॉलर होती, २०१९ मध्ये १६५० ची १४९. आणि जुलै २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५०५० ची, जे त्या पिढीतील सर्वांत कनिष्ठ कार्ड आहे, २४९. शिवाय त्याला १३० वॅट लागतात. कारण उघड आहे. जानेवारी २०२५ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षी एनव्हिडियाच्या सुमारे १३० अब्ज डॉलर उत्पन्नात डेटा सेंटरचा भाग ११५ अब्जांचा होता, खेळणाऱ्यांचा जेमतेम अकरा अब्जांचा. ज्याच्या दिवाणखान्यात राजे-महाराजे बसले आहेत तो ओसरीवरच्या कुळाची विचारपूस कशाला करील?

स्लॉटबद्दलही एक सूक्ष्म पेच आहे, आणि बनशंकरीतल्या या संगणकाला तो नेमका लागू पडतो. स्लॉटच्या वाटेत सोळा मार्गिका असतात आणि पिढीगणिक प्रत्येक मार्गिकेची वहनक्षमता सुमारे दुप्पट होत आली आहे: दुसऱ्या पिढीत मार्गिकेमागे सेकंदाला ५०० एमबी, तिसऱ्या पिढीत ९८५, चौथ्या पिढीत त्याच्या दुप्पट. चौथ्या पिढीचा इंटेल प्रोसेसर स्वतः तिसऱ्या पिढीचा स्लॉट देऊ शकतो, परंतु एच-८१ मदरबोर्डाने काटकसरीपायी तो दुसऱ्याच पिढीवर थांबवला आहे. दुसऱ्या बाजूला, जानेवारी २०२२ मध्ये आलेले आरएक्स ६५०० एक्सटी आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये दुकानांत आलेले, अवघ्या ५३ वॅटांचे आरएक्स ६४०० यांना मार्गिका दिल्या आहेत फक्त चार. नव्या मदरबोर्डावर, चौथ्या पिढीच्या वेगाने, चार मार्गिकांतून सेकंदाला आठ जीबीच्या आसपास माल जातो. एच-८१ वर तेच कार्ड दोन जीबीवर येते. त्यातच त्याची कोठी चार जीबीची, म्हणजे लवकर भरणारी. ज्या यंत्राला कमी विजेच्या कार्डाची सर्वाधिक गरज, त्याच यंत्रावर हे कार्ड सर्वाधिक खुरडते. ते लॅपटॉपसाठी योजलेल्या चिपेवर बेतलेले आहे आणि चित्रफीत नोंदवण्याची यंत्रणाही त्यात नाही. जुन्या संगणकाच्या मालकाने आरएक्स ६४०० कडे वळू नये, मग ते कितीही स्वस्त मिळो. आरटीएक्स ३०५० ला आठ मार्गिका आहेत, १०५० टीआय आणि १६५० यांना पूर्ण सोळा.

इंटेलच्या आर्क मालिकेबद्दल एका वाक्यात उरकतो: डिसेंबर २०२४ चे बी५८० हे बारा जीबीचे कार्ड २४९ डॉलरला दिले गेले तेव्हा तो सौदा वाखाणला गेला, पण त्याचे बळ ‘रिसाइझेबल बार’ या सोयीवर विसंबून असून ती २०१४ च्या मदरबोर्डावर नसते, सबब ते येथे बाद.

एवढी तयारी झाल्यावर पेठेत जाणे झाले. बनशंकरीहून जून २०१७ पासून हरित मार्गाची मेट्रो धावते. जयनगर, लालबाग, नॅशनल कॉलेज अशी स्थानके मागे टाकत ती भूमिगत होते आणि चिक्कपेटेला आणून सोडते. केंपेगौडाने १५३७ मध्ये वसवलेली ही पेठ. १६३८ पासून ती शहाजीराजांच्या जहागिरीत होती. आणि आज तिच्या कुशीतल्या सदर पत्रप्पा रस्त्यावर, ज्याला सारे गाव एस. पी. रोड म्हणते, संगणकाच्या सुट्या भागांचा बाजार भरतो. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याची तपकीर गल्ली ज्यांनी पाहिली आहे त्यांना येथे काही अनोळखी वाटणार नाही: वायरींच्या माळा, खोक्यांचे मनोरे, दुचाकीवर तोल सांभाळत जाणारे मॉनिटर. एक भेद मात्र ध्यानात येतो. या नगरातील कंपन्यांच्या कचेऱ्यांतून मुदत संपताच निघालेले डेल, एचपी, लेनोवो असे संगणक येथे थप्प्यांनी असतात, आणि ‘रिफर्बिश्ड’ या शिक्क्याखाली त्यांना पुनर्जन्म मिळतो.

जुन्या कार्डांच्या दुकानात नातवाचे डोळे दिपले. आठ जीबीचे आरएक्स ५८०, आणि किंमत नव्या ३०५० च्या निम्म्याहून कमी! दुकानदार सौजन्यशील होता. “सर, चालवून दाखवतो, टेस्टिंग वॉरंटी देतो,” असे त्याने आपणहून सांगितले. या कार्डांचा पूर्वेतिहास जाणण्याजोगा आहे. इथेरियम हे आभासी चलन पूर्वी ग्राफिक्स कार्डांवर अहोरात्र गणिते करवून ‘खणले’ जाई. १५ सप्टेंबर २०२२ रोजी त्या चलनाने आपली पद्धतच बदलली, खाणी एका दिवसात निरुपयोगी झाल्या, आणि राबून दमलेली कार्डे जगभरच्या बाजारांत उतरली. मायनिंगचे कार्ड म्हणजे टाकाऊच, असे मी म्हणणार नाही. पुष्कळ खाणवाले वीज वाचवण्यासाठी ती कार्डे कमी दाबावर चालवीत, आणि पंखे बदलून, थर्मल पेस्ट नवी लावून अशी कार्डे पुढे वर्षानुवर्षे चाललेली आहेत. भय असते ते चिप तापवून पुन्हा चिकटवलेल्या, म्हणजे ‘रिफ्लो’ केलेल्या कार्डाचे. ते दुकानात सुरळीत चालते, घरी महिनाभर चालते आणि टेस्टिंग वॉरंटी उलटली की अंथरूण धरते.

दुसरे भय नामसाधर्म्याचे, आणि ते केवळ जुन्या मालापुरते नाही. मूळ आरएक्स ५८० मध्ये २३०४ गाभे असतात. त्याच नावापुढे बारीक अक्षरांत ‘२०४८ एसपी’ लिहिलेले जे कार्ड चीनसाठी म्हणून निघाले, त्यात २०४८, म्हणजे वस्तुतः ते ५७० होय. जीटीएक्स १०६० चा तीन जीबीचा अवतार सहा जीबीच्या अवतारापेक्षा केवळ कोठीत नव्हे, गाभ्यांतही उणा. जीटी १०३० ची कथा तर याहून निलाजरी: २०१७ मधील मूळ कार्डाची स्मृती सेकंदाला ४८ जीबी माल पुरवी, पुढच्या वर्षी त्याच नावाने, डीडीआर-४ स्मृती लावून, जे कार्ड विकले गेले ते १७ जीबीवरही पोहोचत नाही. आणि ज्या ३०५० कडे आमचा कल झुकत होता तेही या दोषातून मुक्त नाही. जानेवारी २०२२ मधील आठ जीबीवाल्यात २५६० गाभे आणि स्मृतीची वाट १२८ बिटांची, सहा जीबीवाल्यात २३०४ आणि वाट ९६ बिटांची. एकाच नावाची दोन माणसे दप्तरात असली तर कारकून बापाचे नाव विचारतो; कार्ड घेणाऱ्याने स्मृतीचा आकडा, तिची जात आणि वाटेची रुंदी ही तिन्ही विचारलीच पाहिजेत.

उघड बनावटगिरी याच्याही पुढची. दशकाहून जुन्या जीटीएस ४५० सारख्या कार्डाचे बायोस, म्हणजे त्यात कोरलेली मूळ आज्ञावली, बदलून त्याला ‘१०५० टीआय’ म्हणवून घ्यायला लावतात, आणि संगणक बिचारा सांगितले ते नाव दाखवतो. याला दोन उपाय आहेत. जीपीयू-झी नावाचे लहानसे मोफत साधन चालवले की ते चिपेची खरी ओळख सांगते आणि सोंग असल्यास तसा शेराही मारते. दुसरा उपाय डोळ्यांचा: १०५० टीआयच्या पिढीपासून एनव्हिडियाने जुन्या व्हीजीए पद्धतीचे संकेत देणे बंद केले असल्यामुळे अशा कार्डावर व्हीजीएचे निळे तोंड दिसले तर दुकानातून नमस्कार करून बाहेर पडावे. खरे कार्ड असल्यास फरमार्क हे कार्डावर पूर्ण भार टाकणारे साधन चालवून पाव तास ते तापू द्यावे, पडद्यावर रंगीत चौकोन उमटतात का आणि पंखा कुरकुरतो का ते पाहावे, मग एखादा खेळ लावावा. एवढ्याला जो दुकानदार ना म्हणेल त्याच्याकडे भाव विचारण्याचेही कारण नाही.

दुकानातील ते ५८० अस्सल होते; पण त्याची मागणी १८५ वॅट, म्हणजे घरच्या एसएमपीएसची जवळजवळ सगळी जमा एकट्याने खाणारी. नातवाने आजोबांकडे पाहिले आणि कार्ड खाली ठेवले.

वापरलेले १०५० टीआय किंवा १६५० घ्यावे काय, हा प्रश्न उरला होता. १०५० टीआयचा निकाल कंपनीने स्वतःच दिला आहे: त्या पिढीसाठी खेळांचे नवे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर निघणार नाहीत, केवळ सुरक्षेची डागडुजी ऑक्टोबर २०२८ पर्यंत होत राहील. तीन-चार हजारांत मिळाले आणि खेळ जुनेच असतील तर ते आजही वाईट नाही. १६५० अजून आश्रयाला आहे, मात्र त्याची कोठी चार जीबीची आहे आणि रे ट्रेसिंगची, म्हणजे प्रकाशकिरणांचा माग काढून चित्र रंगवण्याची, यंत्रणा त्यात नाही. डिसेंबर २०२४ मधल्या इंडियाना जोन्सच्या खेळापासून ती यंत्रणा नसेल तर खेळ सुरूच न होण्याची प्रथा पडू लागली आहे. ३०५० मध्ये ती आहे, जरी तिच्या बळावर मोठ्या आशा बांधू नयेत. तो इंडियाना जोन्स आठ जीबीची कोठी मागतो, म्हणून तो या कार्डालाही नीट पेलणार नाही.

अखेर सहा जीबीचे आरटीएक्स ३०५० नवे, छापील बिलासह, सतरा हजारांच्या आतबाहेर पडले. बिलावर सिरियल नंबर लिहवून घेण्याचा आग्रह आजोबांचा. घरी आल्यावर मदरबोर्डाचे बायोस अद्ययावत करून मगच कार्ड बसवले, कारण जुन्या पद्धतीच्या बायोसवर नवी कार्डे कधी कधी पडदा काळाच ठेवतात. ग्रँड थेफ्ट ऑटो ५, जो संगणकावर २०१५ मध्येच आला, तो आता सर्व बाजूंनी सजून चालतो. सायबरपंक मध्यम थाटात खेळण्याजोगा झाला. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये मात्र अपेक्षेइतकी भर पडली नाही, कारण तो खेळ प्रोसेसरवर भार टाकतो आणि चार गाभ्यांचा ४४६० तेथे दमतो. चित्र अडते ते कार्डामुळे की प्रोसेसरमुळे, हे ओळखण्याची सोपी रीत अशी: खेळात चित्राचा दर्जा उतरवून पाहावा, फ्रेम वाढल्या तर अडचण कार्डाची, न वाढल्या तर प्रोसेसरची. याच सॉकेटात बसणारा, आठ धाग्यांचा वापरलेला आय-सेव्हन ४७७० एस. पी. रोडवर मिळतो आणि तो पुढची पायरी होऊ शकतो. त्याच्याही आधी रॅमची दुसरी आठ जीबीची पट्टी घालावी, असे माझे मत आहे.

दुसरा, अधिक गंभीर प्रश्न असा, की विंडोज १० चा आश्रय १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीचे प्रोसेसर अधिकृतपणे स्वीकारत नाही. म्हणजे या संगणकाचे उरलेले आयुष्य मोजकेच. मग सतरा हजार त्यावर का घालावेत, असे एका शेजाऱ्याने विचारले, आणि प्रश्न वाजवी होता. त्याचे उत्तर त्या सत्तर वॅटांतच आहे. उद्या हा संगणक मोडीत निघाला आणि एस. पी. रोडवरून एखाद्या कचेरीतला आठव्या किंवा नवव्या पिढीचा संगणक आणला, तर त्याचाही एसएमपीएस तोकडाच असणार, त्यात कार्डासाठी वेगळी तार बहुधा नसणारच, आणि तेथे बसू शकणारे कार्ड म्हणजे स्लॉटच्या पंचाहत्तर वॅटांत भागवणारेच. आरएक्स ६६०० अधिक वेगवान खरे, परंतु त्याला प्रत्येक नव्या घरी नवा एसएमपीएस सोबत न्यावा लागेल, आणि कचेरीतल्या त्या पेट्यांत तो बसेलच असेही नाही. खरेदी करताना अर्ध्या उंचीच्या पट्टीवर बसणारे ३०५० मागून घेतले तर ते अगदी चिंचोळ्या पेटीतही मावते.

ज्यांचा संगणक दुसऱ्या पिढीचा, २०११ च्या सुमाराचा आहे, त्यांनी मात्र त्यात नवे कार्ड घालूच नये. तीच रक्कम आठव्या पिढीच्या रिफर्बिश्ड संगणकाकडे वळवावी आणि कार्ड पुढच्या दिवाळीला घ्यावे. इतरांना विनंती एवढीच, की घराबाहेर पडण्यापूर्वी एसएमपीएसच्या तक्त्याचे छायाचित्र मोबाइलमध्ये काढून ठेवावे, १२ व्होल्टच्या रकान्यातले अँपिअर बाराने गुणावेत, आणि दुकानदाराने कार्डाचे नाव उच्चारण्याआधी तो आकडा त्याला सांगावा.